बर्गनला जातोय: सॅल्मन सोडून तिथली खरी मासळी कुठे आणि काय खावी?

खाडीकाठची

मंडळी, येत्या मे महिन्याच्या मध्यावर नॉर्वेत बर्गनला जायचं ठरलंय. सोबत माझे बाबा आहेत. मूळचे वेंगुर्ल्याचे, वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं आणि मासळीच्या बाबतीत कुणाचं ऐकून न घेणारे. सासूबाई आहेत, त्या पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. शिवाय नवरा, ज्याला ताटात काय आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं.

फ्योर्डची बोट, फ्लोयेनच्या डोंगरावर जाणारी रेल्वे, ब्रिग्गेनची लाकडी घरं, सगळं ठरवून झालंय. अडलंय ते जेवणाशी. बाबांनी फर्मान काढलंय, "सॅल्मन मला दाखवू नकोस, तो आता पुण्यातही मिळतो. तिथली माणसं घरात कुठला मासा कसा करतात तो खायला घाल." मी थोडंफार वाचलं तर क्षारात भिजवून लिबलिबीत केलेला मासा, महिनोन्‌महिने आंबवलेला मासा असलं काहीबाही समोर आलं. हे खरंच लोक खातात का? बर्गनचं स्वतःचं म्हणून काय आहे? बंदरावरचा मासळीबाजार जावं असा आहे का? आणि मसाल्याची पुडी सोबत न्यावी का? हा शेवटचा प्रश्न बाबांचा, माझा नाही.

चहाबाज

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो. बाकीचं जाणकार सांगतील.

तिखटमीठ

एक कशाला, दोन पुड्या न्या. कंपनीच्या कामासाठी बर्गनला राहून आलोय. उकडलेला मासा, उकडलेला बटाटा, उकडलेलं गाजर, वर पांढरा सॉस. ताटात रंग म्हणून काय तो गाजराचा. मिरपूड मागितली तर वाढणारी बाई काळजीने विचारते, "आवडलं नाही का?" मासा ताजा असतो यात वाद नाही. पण नुसता ताजेपणा काय चाटायचाय?

आणि बंदरावर सांभाळून. एका स्टॉलवर खेकड्याचे हातभर लांब पाय दाखवून आम्हाला बसवलं. पाटीवर भाव शंभर ग्रॅमचा, "शंभर ग्रॅम" हे शब्द मुंगीएवढे. बिल आल्यावर माझ्या सहकाऱ्याने आधी चष्मा पुसला, मग विचारलं, "हे क्रोनर आहेत की रुपये?"

केळफूल

हाहाहा. मग काय होते?

तिखटमीठ

क्रोनर होते हो. रुपये काढायला तेव्हा आठाने गुणावं लागायचं.

ओस्लोकर

खाडीकाठची ताई, आधी तुमची भीती घालवतो. तुम्ही वाचलेले ते दोन्ही प्रकार मे महिन्यात कुणी ताटात वाढणार नाही. लूटेफिस्क, म्हणजे तो क्षारात भिजवलेला, हा ऑक्टोबरपासून नाताळापर्यंतचा. राकफिस्क म्हणजे मीठ लावून दोन-तीन महिने, कधी वर्षभरही मुरवलेला ट्राउट. तोही हिवाळ्यातला, आणि मुळात बर्गनचा नाहीच. आतल्या डोंगराळ वाल्द्रेस खोऱ्यातला तो. तिथल्या फागेरनेस गावात नोव्हेंबरात त्याची जत्रा भरते. शिजवत नाहीत, तसाच खातात, म्हणून गरोदर बायकांना इथले डॉक्टर मनाई करतात. पातळ लेफ्से पोळीत कच्चा कांदा आणि आंबट साय घालून गुंडाळला की वासाकडे दुर्लक्ष करता येतं. मला आवडतो. बायको त्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवते, बाहेर कितीही थंडी असली तरी.

आता बर्गन. हे पश्चिम किनाऱ्यावरचं शहर, त्यामुळे इथे मासा ताजा खायचा. माशाचं सूप पहिल्या दिवशीच घ्या. सेई नावाचा कॉडच्या कुळातला मासा असतो, त्याच्या लहान पिल्लांचा रस्सा हा मूळ प्रकार. माशाची डोकी-हाडं उकळून केलेलं पाणी, दूध-साय, बारीक चिरलेलं गाजर, लीक, सेलरीचा कंद, आणि शेवटी थोडं व्हिनेगर नि चिमूटभर साखर. ही जी आंबटगोड बाजू आहे ती बर्गनची खूण. हॉटेलवाले हल्ली त्यात सॅल्मन आणि कोलंबी टाकून ते श्रीमंत करतात. तसलं टाळा. आंबटपणा नसेल तर ते नुसतं सायीचं सूप.

दुसरं पर्सेटोर्स्क. कॉडचे तुकडे मीठ-साखर लावून वजनाखाली दाबून ठेवायचे, थोडे दिवस. पाणी निघून जातं आणि मांस घट्ट, चकचकीत होतं. मग ते न उकळता गरम पाण्यात हलकेच शिजवतात. साधा कॉड काट्याने हात लावताच पाकळ्या होऊन सुटतो, हा चावावा लागतो. बाबांना बहुतेक हाच आवडेल. बर्गनच्या बाहेर तो सहजी मिळत नाही, ओस्लोत मला शोधत फिरावं लागतं.

तिखटमीठ, पांढऱ्या सॉसचं तुमचं दुःख समजतं. पण कंपनीच्या कँटीनवरून अख्खा किनारा मोजू नका.

तिखटमीठ

कँटीन नव्हतं साहेब, टेबलावर मेणबत्ती होती.

अभ्यासू_बोका

मासा ताजा खायचं शहर हे आजचं. बर्गन मोठं झालं ते सुक्या माशावर. उत्तरेला लोफोटेन बेटांवर जानेवारी ते एप्रिलमध्ये बॅरेंट्स समुद्रातून कॉडचे थवे अंडी घालायला येतात. मासा पकडायचा, डोकं उडवायचं, दोन-दोन शेपट्यांना बांधून लाकडी मांडवावर लटकवायचा. फेब्रुवारी ते मे तो वाऱ्यावर वाळतो. मीठ अजिबात नाही. थंडी अशी बेताची की मासा गोठतही नाही आणि सडतही नाही, माश्याही अजून उठलेल्या नसतात. वजन पाचव्या हिश्शावर येतं आणि वर्षानुवर्षं टिकतो.

हा माल बोटीने बर्गनला यायचा आणि तिथून युरोपभर जायचा. व्यापार हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांच्या हातात. त्यांनी 1360 च्या सुमारास ब्रिग्गेनवर आपली पेढी थाटली, ती 1754 पर्यंत टिकली. धान्य आणायचं, सुका मासा न्यायचा. उत्तरेचा कोळी त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या कर्जात. ब्रिग्गेनची जी घरं तुम्ही बघणार आहात ती 1702 च्या आगीनंतर जुन्याच आराखड्यावर बांधलेली. 1979 साली ती जागतिक वारसा यादीत गेली. लाकडी गोदामांत आगीची इतकी धास्ती की आत चूल तर सोडाच, दिवासुद्धा लावायची बंदी. हिवाळ्यात जेवायला आणि ऊब घ्यायला मागच्या बाजूला वेगळे दालनवाडे होते, शोत्स्तुएने म्हणतात. ते नक्की बघा. त्या काळोख्या गल्लीतून चालताना लाकडाचा डांबरट वास येतो आणि मान वर केली की घरं एकमेकांवर रेललेली दिसतात.

खास मासळीत रस असेल तर सांदव्हिकेनला जुन्या गोदामांत मत्स्यव्यवसायाचं संग्रहालय आहे. गावातून पाण्याकाठाने चालत जाता येतं.

समुद्रपक्षी

बोकोबा, तुम्ही जे मांडव सांगितलेत ते वाचून थेट आमच्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरच्या बोंबलाच्या वलांडी आठवल्या. फरक एवढाच की आमच्याकडे ऊन काम करतं नि तिकडे वारा. माझी आजी वासावरून सांगायची, बोंबील दोन दिवसांचा की चार दिवसांचा.

अभ्यासू_बोका

तिकडेही नाकच लागतं. लोफोटेनच्या सुक्या माशाची प्रतवारी करणारे लोक असतात. मासा हातात घेऊन लांबी, जाडी, रंग बघतात आणि मानेपाशी नाक लावून हुंगतात. वीसेक प्रती आहेत. सगळ्यात वरची प्रत इटलीला जाते. त्याचीही गोष्ट आहे. व्हेनिसचा एक व्यापारी, पिएत्रो क्वेरिनी, 1432 च्या हिवाळ्यात जहाज फुटून लोफोटेनच्या टोकाच्या रोस्त बेटाला लागला. बेटावरच्या लोकांनी त्याला महिनोन्‌महिने सांभाळलं, आणि परत जाताना त्याने सुका मासा नेला. व्हेनिसच्या भागात आजही त्याचे पदार्थ होतात.

दर्यावर्दी_निवृत्त

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं. लेगोसच्या बाजारात हाच मासा बघितलाय, तारेच्या गाठोड्यांत बांधलेला. नायजेरियात तो सूपमध्ये घालतात आणि नुसती डोकीसुद्धा वेगळी विकली जातात. बियाफ्राच्या युद्धात 1967 ते 70 च्या दरम्यान मदत म्हणून नॉर्वेतून हा मासा तिकडे भरपूर गेला. शीतकपाटाशिवाय टिकतो, प्रथिनं भरपूर, दुष्काळात दुसरं काय हवं. एकच मासा, इटलीत साहेबाच्या ताटात आणि लेगोसमध्ये बायकांच्या टोपलीत.

बर्गनमध्ये तो नुसता चघळायला पाकिटातूनही मिळतो. दात चांगले असतील तरच.

नुसतं_वाचते

धागा छान चाललाय, पण खाडीकाठची यांच्या बाबांच्या ताटात अजून फक्त सूप आलंय 🙂

स्टॅव्हेंजरची_सून

मी वाढते ना. माझं सासर नॉर्वेजियन, आम्ही स्टॅव्हेंजरला असतो, सासूबाई मूळच्या बर्गनच्या बाजूच्या. "घरात काय करतात" याचं खरं उत्तर हॉटेलात कमी आणि मासळीच्या दुकानात जास्त मिळेल.

घरात सगळ्यात जास्त होतं ते फिस्केकाके. सासूबाई करतात तसं सांगते. सेई किंवा हॅडॉकचे थंडगार तुकडे मशीनमधून काढायचे आणि बाकी काहीही घालायच्या आधी मीठ घालायचं. मग लाकडी चमच्याने हाणत राहायचं. पाचेक मिनिटांत ते मांस चिकट होतं, चमचा उभा राहील इतकं, भांड्याची कड सोडतं. तिथवर आलं नाही तर त्या पुढे जातच नाहीत. मग बटाट्याचं पीठ, जायफळ, आणि थंड दूध थोडं थोडं करून. मी एकदा घाईने सगळं दूध एकदम ओतायला निघाले तर त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून जग काढून घेतला. तळहातावर चमच्याने आकार देऊन लोण्यात तांबूस होईपर्यंत परतायचे. सोबत उकडलेले बटाटे, किसलेलं गाजर आणि कांद्याची तपकिरी ग्रेव्ही. ग्रेव्ही पांढरी नसते, तिखटमीठ यांनी नोंद घ्यावी.

बर्गनमध्ये सोस्त्रेने हागेलिन नावाचं दुकान आहे, 1929 पासूनचं. गरम फिस्केकाके कागदात गुंडाळून घ्यायचे आणि चालता चालता खायचे. सूपही मिळतं. तुमच्या बाबांना पहिल्याच दिवशी तिथे न्या.

प्लुकफिस्क हा उरलेल्या माशाचा पदार्थ. उकडलेल्या माशाच्या पाकळ्या, उकडलेला बटाटा, लीक, पांढऱ्या सॉसमध्ये एकत्र ढवळायचं, वर कुरकुरीत बेकन. दिसायला अजिबात सुंदर नाही. बर्गनमध्ये पिंग्विनन नावाच्या साध्याशा जागी घरगुती पद्धतीचं जेवण असतं, तिथे विचारा. तिथे रोज काय काय आहे ते आधी बघून जा, मेन्यू बदलतो.

आणि हो, डब्यातले माशाचे गोळे, फिस्केबोल्लर. पांढरे, गुळगुळीत, मऊ. त्यांच्यासाठीचा घरगुती सॉस म्हणजे पांढऱ्या सॉसमध्ये चमचाभर करी पावडर! पिवळाधमक. माझा नवरा लहानपणीपासून त्याला भारतीय जेवण समजत होता.

केळफूल

करी पावडरचा पांढरा सॉस! बाबांना दाखवू नका, वेंगुर्ल्याला परत निघतील.

तिखटमीठ

नोंद घेतली. पण सूनबाई, एक प्रामाणिक प्रश्न. आठवड्यातून कितीदा तुम्ही स्वतः फोडणी घालता?

स्टॅव्हेंजरची_सून

आमच्याकडे बांगड्याचा सीझन आला की दर शनिवारी. इथला मॅकरेल बांगड्याच्याच कुळातला, पण मोठा आणि तेलकट. उन्हाळ्यात नवरा गळ टाकून आणतो आणि मी आमसूल-तिरफळ घालून कालवण करते. सासूबाई भात मागून घेतात. पण म्हणून पर्सेटोर्स्कवर मालवणी मसाला टाकला तर मी ओळख दाखवणार नाही. दाबून, मुरवून घट्ट केलेल्या माशाची चव मसाल्याखाली गाडायची तर मग कुठलाही मासा घ्या.

चहाबाज

पुडी नेण्याच्या सल्ल्यावर मी अजून ठाम आहे. माशावर नको, बटाट्यावर टाका. त्या बिचाऱ्याचा कुणी विचारच करत नाही.

आजोबा_डोंबिवली

मुलीकडे ट्रॉनहेमला गेलो होतो फेब्रुवारीत. जावईबापूंनी मोल्ये खिलवलं. ताज्या कॉडचे जाड काप, त्याचीच कलेजी आणि त्याचीच गाबोळी, सगळं वेगवेगळं शिजवून एका ताटात. गाबोळी कागदात घट्ट गुंडाळून पाण्यात शिजवतात, म्हणजे फुटत नाही. कलेजी कांद्याबरोबर, थोडं व्हिनेगर घालून. तिचं तेल बटाट्यावर चमच्याने ओढायचं. मी म्हणालो, ही माणसं आमच्यातलीच. माशाचा कुठलाही भाग टाकत नाहीत. लोफोटेनला तर म्हणे शाळकरी पोरं कॉडच्या जिभा कापून विकतात आणि चांगले पैसे कमावतात. जिभा पिठात घोळवून तळलेल्या खाल्ल्या. छान लागतात, जरा चिकट.

खाडीकाठची, बाळा, तुम्ही मे महिन्यात जाताय म्हणजे हे सगळं हुकणार. तिकीट बदलता येईल का?

खाडीकाठची

आजोबा, तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, आणि बाबांना हा प्रतिसाद मी मुद्दाम वाचून दाखवलेला नाही!

सर्वांचे खूप आभार. दोन शंका. लूटेफिस्क नेमका काय प्रकार आहे, तो क्षार पोटात जातो का? आणि सासूबाईंचं काय करू?

ओस्लोकर

लूटेफिस्क म्हणजे बोकोबांनी सांगितलेला तोच सुका मासा, भिजवून परत फुलवलेला. आधी काही दिवस पाण्यात, मग क्षाराच्या द्रावणात, मग पुन्हा बरेच दिवस ताज्या पाण्यात. जुन्या काळी लाकडाची राख वापरत, हल्ली कॉस्टिक सोडा. शेवटच्या पाण्यात क्षार निघून जातो, पोटाला धोका नाही. चांदीच्या काट्या-चमच्यांना मात्र आहे, ते काळे पडतात. मासा पारदर्शक, थरथरणारा होतो. चव जवळजवळ नसतेच. ताटातला खरा दंगा सोबतच्या गोष्टी करतात: बेकनची गरम चरबी, वाटाण्याचं घट्ट वरण, मोहरी, बटाटे. कुठल्या गावी बेकन, कुठे ब्राउन चीज, कुठे सिरप यावरून लोक भांडतात. नाताळाच्या आधी हॉटेलांत टेबलं महिनाभर आधी भरतात.

तिखटमीठ

"चव जवळजवळ नसतेच." हे ओस्लोकर म्हणाले, मी नाही. स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

ओस्लोकर

घ्या. तरी दरवर्षी खातो.

शाकाहारी_राजू

सासूबाईंसाठी मी. काही गोष्टी गाठीला बांधा. सूप शाकाहारी दिसलं तरी विचारा, पाणी माशाचं किंवा मटणाचं असू शकतं. "शाकाहारी" म्हटलं की काही जण मासा चालतो असं धरून चालतात, म्हणून मासा नाही, मांस नाही, अंडं नाही असं तिन्ही वेगळं सांगा. उकडलेले बटाटे, फ्लॅटब्रॉड नावाची पापडासारखी कोरडी पोळी, दही, ब्राउन चीज यावर गाडी चालते. ब्राउन चीज म्हणजे दुधाचं पाणी आटवून केलेलं, गोडसर. बर्गनचा स्किलिंग्सबोल्ले हा दालचिनीचा मोठ्ठा पाव सगळ्यांना आवडतो, पण वरून अंडं लावलेलं असू शकतं, दुकानात विचारून घ्या. बर्गनमध्ये भारतीय उपाहारगृहं आहेत, अडलं तर तिथे. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या म्हणजे खिचडीचा आधार राहतो आणि चहाबाज यांची पुडीही सार्थकी लागते.

अभ्यासू_बोका

अवांतर, पण बाबांच्या "सॅल्मन नको" या हट्टावर एक भर. कच्च्या सॅल्मनची सुशी जपानची जुनी परंपरा वगैरे नाही. जपानी लोक त्यांच्याकडचा सॅल्मन कच्चा खात नसत, परजीवी किड्यांमुळे. 1980 च्या दशकात नॉर्वेकडे पाळीव सॅल्मन भरमसाट झाला, तेव्हा त्यांनी जपानात मुद्दाम मोहीम काढून तो सुशीसाठी खपवला. म्हणजे जगातल्या सुशीवरचा तो नारिंगी तुकडा ही नॉर्वेची करामत. आणि किंग क्रॅब, ज्याने तिखटमीठ यांना आठाने गुणायला लावलं, तोही मूळचा इथला नव्हे. 1960 च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो पॅसिफिकमधून आणून बॅरेंट्स समुद्रात सोडला, तिथून तो चालत चालत उत्तर नॉर्वेत आला. बर्गनच्या पाण्यात तो राहत नाही.

तिखटमीठ

म्हणजे मी एका रशियन पाहुण्याचे पैसे भरले.

समुद्रपक्षी

😂😂

मग मासळीबाजारात जायचं की नाही? मूळ प्रश्न राहूनच गेला.

स्टॅव्हेंजरची_सून

जायचं, बघायचं. तेराव्या शतकापासून तिथे बाजार भरतोय. बाहेरचे तंबू उन्हाळ्यातले, साधारण मे ते सप्टेंबर. पाण्यालगतच्या काचेच्या इमारतीतला भाग वर्षभर चालू असतो. बाहेरच्या स्टॉलांवर गिऱ्हाईक मुख्यतः क्रूझचं, विकणारी मुलंही स्पेन-इटलीकडची असतात. तिथे पोटभर जेवण्यापेक्षा उकडलेली कोलंबी घ्या, वजनावर मिळते. बोटीवर समुद्राच्या पाण्यातच उकडलेली, सालासकट. बाकावर बसून सोलायची, पांढऱ्या पावावर रचायची, मेयोनीज आणि लिंबू. आमच्याकडे उन्हाळ्याची सुरुवात याच जेवणाने होते, आणि सोलण्यातच तासभर जातो, गप्पा त्यातच होतात. बाबांना कोलंबी सोलायला शिकवायची गरज पडणार नाही.

तिखट-आंबट काहीतरी हवंच असेल तर बाकालाओ मागा. सुका मासा वेगळा आणि हा क्लिपफिस्क वेगळा: खारवून मग वाळवलेला कॉड, क्रिस्टियानसुंद आणि ओलेसुंदकडचा. तिथून तो पोर्तुगाल, स्पेन, ब्राझीलला जायचा आणि परत येताना रेसिपी घेऊन आला. टोमॅटो, कांदा, बटाटा, ऑलिव्ह, लाल मिरची. नॉर्वेजियन आज्या हा पदार्थ आपलाच म्हणून करतात. मसाल्याच्या पुडीचं भांडण यावर मिटेल.

तिखटमीठ

हे मला तिथे कुणी का सांगितलं नाही?

ओस्लोकर

मेणबत्तीवाल्या टेबलावर मिळत नाही ते.

दर्यावर्दी_निवृत्त

आणि बाबा घेत असतील तर सोबत अक्वाव्हिट. बटाट्याची दारू, शहाजिऱ्याचा वास. त्यातली लिनिए नावाची शेरीच्या जुन्या पिंपांत भरून जहाजाने ऑस्ट्रेलियाला नेतात आणि परत आणतात, विषुववृत्त दोनदा ओलांडून. मग विकतात. डुलण्याने आणि तापमानाच्या चढउताराने ती मुरते म्हणतात. बाटलीच्या लेबलामागे त्या फेरीचं जहाज नि तारखा छापलेल्या असतात. जहाजावर फुकट आयुष्य काढलेल्या माणसाला हेवा वाटावा असा दारूचा प्रवास.

कडक दारू फक्त सरकारी दुकानात मिळते. शनिवारी दुपारनंतर बंद, रविवारी उघडतच नाही.

खाडीकाठची

काका, बाबा "घेत असतील तर" या शब्दांवर नुसते हसले.

तर असं ठरवतेय: पहिल्या दिवशी फिस्केकाके कागदातून, बाजारात कोलंबी, एका संध्याकाळी पर्सेटोर्स्क, एकदा प्लुकफिस्क. सूप मिळेल तिथे, पण आंबटपणा विचारून. सासूबाईंसाठी स्वयंपाकघर असलेली जागा बघितली आहे. पुडी बटाट्यासाठी नेणार. आम्ही पंधरा तारखेच्या संध्याकाळी पोचतोय.

ओस्लोकर

थांबा. पंधराला पोचताय म्हणजे 17 मे तुम्हाला तिथेच लागणार. तो इथला राष्ट्रीय दिवस, 1814 च्या राज्यघटनेचा. बर्गनमध्ये तर विशेषच, बुएकोर्प्स म्हणजे मुलामुलींची ढोल-ताशांची पथकं सकाळपासून गल्लीगल्लीत वाजवत असतात, लोक पारंपरिक बुनाड घालून रस्त्यावर. बघायला फार मजा येते, पण दुकानं बंद आणि उपाहारगृहांची टेबलं कधीच भरलेली. त्या दिवसाचं जेवण आधीच आरक्षित करा किंवा सोळालाच किराणा आणि मासा घेऊन ठेवा. एखादा रविवार आडवा येत असेल तर त्याही दिवशी मोठी दुकानं बंदच धरा. मे महिन्यात चर्चच्या सणांच्या सुट्ट्याही असतात, त्या वर्षाचं कॅलेंडर बघून घ्या.

छत्र्या नेऊ नका, वाऱ्यात उलटतात. रेनकोट न्या. बर्गनला वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. विमानतळावरून गावात ट्राम येते, टॅक्सी करू नका.

खाडीकाठची

बरं झालं सांगितलंत, आजच टेबल बघते. आणखी एक, हे थेट बाबांकडून: "किनाऱ्यावर गळ टाकून बसायला परवाना लागतो का?" खोटं वाटेल, पण त्यांनी बॅगेत दोरा नि गळ ठेवलाय.

स्टॅव्हेंजरची_सून

समुद्रात गळाने मासेमारी करायला परवाना लागत नाही, पर्यटकांनाही नाही. नद्या आणि तळ्यांसाठी मात्र लागतो. कॉडसारख्या काही माशांना किमान लांबीचा नियम आहे, छोटा निघाला नि जिवंत असेल तर परत सोडायचा. पाहुण्यांना मासा विकता येत नाही, एवढं बाबांना सांगून ठेवा. बंदराच्या अगदी आत टाकू नका, तिथे बोटींची वर्दळ असते आणि पाणीही तितकं स्वच्छ नाही. गावाबाहेरच्या खडकांवर जा, तिथे सेई आणि मॅकरेल लागतात, मॅकरेल मेच्या शेवटाकडे. मासा मिळाला तर लगेच रक्त काढून पोट साफ करा आणि थंड ठेवा.

समुद्रपक्षी

गळाला काय लावतात तिकडे?

स्टॅव्हेंजरची_सून

कोलंबी चालते. मॅकरेलला काही लावावंच लागत नाही, चकचकीत पत्रा दिसला की झडप घालतो.